पेल्यातली साखर
कोकम सरबताचा वास आला की मला मुळशी धरणाचा काठ आठवतो. माझी थोरली बहीण तिथल्याच गावात बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायची. मोलचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांच्या मोजणीचं, गणित समजावायला ती पेलाभर सरबत कळशीभर पाण्यात ओतायची, मग त्यातलाच एक पेला काढून विचारायची, "आता ह्यात साखर किती?" मी मध्येच ओरडायचो, "पहिल्याएवढीच!" पोरं खिदळायची. ताई म्हणायची, "आरं येड्या, कळशीत तेवढीच हाय, पेल्यात लई थोडी. साखर मरत न्हाई, पांगती." ती गेली, तेव्हा तिची राख आम्ही धरणात सोडली. पाण्याला काठच्या भातखाचरांचा ओला वास होता. राख जरा तरंगली, पसरली आणि दिसेनाशी झाली. तिच्या लेकीनं ओंजळभर पाणी उचललं. "मामा, ह्यात आई किती असंल?" बारावीतली पोर ती, उत्तर तिला येत होतं. मी म्हणालो, "पहिल्याएवढीच." या वेळी कुणी हसलं नाही. बोटांतून पाणी गळून संपेपर्यंत पोर ओंजळ धरून उभी राहिली. हल्ली घरी सरबत मीच करतो. पाणी जास्त पडतं, बायको म्हणते, "अवो, पार फिक्कं झालंय." मी म्हणतो, "साखर तेवढीच हाय."