शेजारच्या खाटेचा काउंट

गणपतच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून मी टेक्निशियनवर भडकलो. हा माणूस हिंगणीला झाडावरून पडून, पाय मोडून वर्ध्याला आमच्या दवाखान्यात आला होता. पायाचा आणि पांढऱ्या पेशींचा काय संबंध? पण त्या जवळजवळ संपल्या होत्या. जंतूंशी लढायचं काम या पेशींचं. त्या नसल्या की साधा तापही माणसाला घेऊन जातो. आणि गणपत सकाळपासून तापानं फणफणला होता.

"बाटल्या बदलल्यास तू," मी म्हणालो. "हे शेजारच्या खाटेवरच्या लक्ष्मणचं रक्त आहे."

पुन्हा रक्त काढलं. काउंट तोच.

लक्ष्मणच्या गळ्यात आणि काखेत कॅन्सरच्या गाठी होत्या. विलायतेहून आलेल्या नव्या गोळ्यांची ट्रायल त्याच्यावर चालली होती. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. आमच्यासाठी ते अप्रूपच. अशा ट्रायलमध्ये गुण येतो का, हे नंतरचं. शरीराला किती झेपतं, ते आधी बघायचं. औषध जास्त झालं की पांढऱ्या पेशी घटतात. लक्ष्मणच्या घटेनात, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी डोस दुप्पट केला होता.

मी लक्ष्मणच्या खाटेशी गेलो.

"गोळ्या कोण घेतं रे?"

"आमी दोघंई. निम्म्या मी, निम्म्या गणपत."

"त्याला कशाला?"

"त्याची बायको रोज डबा आणते, साहेब. मले वाढल्याबिगर त्याले जेवू देत नाई. मंग इलायती दवाई मी एकट्यानंच कशी खाऊ?"

तसाच मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते ऐकून खुर्चीतून उठलेच.

"गणपतला वेगळ्या खोलीत हलवा. पेनिसिलिन, रक्त, सगळं सुरू करा. चला."

सगळं केलं. लक्ष्मण दाराशी उभा होता.

"ताप उतरंल ना, साहेब?"

"आज दिली नाहीस ना त्याला?"

"देली ना. ताप पाहून माह्या वाट्याच्याई त्यालेच देल्या."

गणपत गेला. पाय मोडून आलेला माणूस कॅन्सरच्या औषधानं गेला, हे त्याच्या बायकोला मीच सांगितलं. गोळ्या कुणी दिल्या, तेही सांगावं लागलं. जाताना ती हातातला डबा लक्ष्मणच्या खाटेवर ठेवून गेली. त्यानं तो उघडला नाही, आणि त्यानंतर आमच्या गोळीलाही हात लावला नाही.

पुढे नोकरीभर मी ट्रायलची प्रत्येक गोळी पेशंटला माझ्यासमोर गिळायला लावली. जीभ वर करून दाखवायला सांगायचो. पेशंट चिडायचे. चिडू दिलं.