आत्याचा डबा आणि माझं यंत्र

प्लेगाच्या साली माझ्या आत्याने घरातले दागिने इतके उत्तम लपवले, की पुढे ते तिलाही सापडेनात.

कल्याणात साथ शिरली तसे आम्ही आंबिवलीकडे शेतात झोपडी घालून राहायला गेलो. निघण्याआधी आत्याने माझ्या वारलेल्या आईचे दागिने तांब्याच्या डब्यात भरले आणि परसातल्या पेरूजवळ पुरले. साथ ओसरल्यावर परत आलो, तर पेरू कुणीतरी मुळासकट जळणाला नेलेला आणि खड्डा पावसाने बुजलेला; पेरू नेमका कुठे होता यावर घरात एकमत होईना. इकडे माझी धाकटी बहीण सखू हिचं लग्न ठाण्याच्या एका घरात ठरलेलं, आणि ते दागिने तिच्याच अंगावर घालायचे होते.

सरळ सगळं परस खणा, असं माझ्या बायकोचं म्हणणं. पण मी स्टेशनावर तारमास्तर. विजेशी माझा रोजचा संबंध! कुदळ हे सुशिक्षिताचं हत्यार नव्हे, असं माझं मत होतं. तारेची दोन वेटोळी, बॅटरी आणि टेलिफोनचा कानाला लावायचा तुकडा जमवला, तर जमिनीतला धातू ऐकू येतो, असं मी एका इंग्रजी मासिकात वाचलेलं. खपून यंत्र केलं. चुलीपाशी उलथन्यावर धरलं, तर कानात असं गुणगुणलं की मला गहिवरून आलं.

परसात नेलं, तर ते सगळीकडेच गुणगुणायला लागलं. विहिरीपाशी, तुळशीपाशी, गोठ्याच्या दारात. शेजारी कुंपणाशी जमले. आपल्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढं कमावून ठेवलंय हे आत्याला ठाऊकच नव्हतं. तिने हात जोडले. (क्षणभर मलाही आपण बड्या घराण्यातले आहोत असं वाटलं.) बरेच खड्डे खणल्यावर उलगडा झाला. आमची चिकणमाती लोखंडाच्या तांबड्या खड्यांनी भरलेली होती, आणि यंत्र त्या मातीचंच कौतुक करत होतं.

मग वेटोळी सरकवून मी त्याला मातीपुरतं बहिरं केलं. आता ते किती खोलवरचं ऐकतं, हे पाहायला हवं होतं. जागा मला कळू नये म्हणून मी पाठ करून उभा राहिलो आणि घरातली भांडी पुरायचं काम आत्याकडे सोपवलं. (होय, आत्याकडेच.) वीतभर खोल पुरलेला तांब्या यंत्राने लगेच ओळखला. हातभर खोल गेलेल्या पातेल्याची आणि कळशीची मात्र त्याला दादच नाही. वरून माती चोपून आत्याने शेणाचा सडाही घातलेला. तिचं काम नेहमीच चोख.

"आत्या, कुठे पुरलीस ती?" मी शेवटी विचारलं.

"मला काय विचारतोस? यंत्र तुझं आहे."

त्या दिवशी भात मडक्यात शिजला. वाढताना बायको एवढंच म्हणाली, "उद्या ताटं पुरायची असतील, तर आज पोटभर जेवून घ्या."

लग्न अगदी तोंडावर आलं. आरशात पाहताना सखूचा हात उगाच नाकाशी जायचा. आईची नथ तिला हवी होती.

आणि मांडवाचे खांब रोवायला गडी आले. एका खड्ड्यात, कमरेइतक्या खोलीवर, पहार खणकन वाजली. डबा! नथ तशीच्या तशी होती. सखू हसता हसता रडली. डबा इथेच आहे असं आपण पहिल्यापासून सांगत होतो, असं आत्या जमलेल्या प्रत्येकाला सांगत सुटली. त्या जागी यंत्र अजिबात वाजलं नव्हतं, म्हणून मी स्वतःच्या हाताने तिथे चुन्याची फुली मारून ठेवलेली. फुलीचा अर्थ होता, इथे काही नाही.

लग्नानंतर शेजारचे गोविंदपंत आले. त्यांचीही चांदी साथीत पुरलेली होती आणि जागा आठवत नव्हती. यंत्र घेऊन या, म्हणाले. मी पगडी घालून, मोठ्या वैद्याच्या थाटात गेलो. कुठून सुरुवात करू, असं विचारलं.

"कुठूनही करा, तारमास्तर," गोविंदपंत अदबीने म्हणाले. "फक्त ते जिथे गप्प बसेल ती जागा दाखवा. आम्ही तिथे खणतो."