आठ खोल्यांची शेवंताक्का

शेवंताक्का स्वतःच्या घरात बसून कधी जेवली नाही. दुपारी ताटात भाकरी, कोरड्यास आणि फोडलेला कांदा घ्यायची आणि आमच्या आठ खोल्यांपैकी कुणाच्या तरी दारात जाऊन बसायची. आज आमच्याकडे, उद्या कमळामावशीकडे. "एकलीला घास उतरत न्हाई गं," म्हणायची. पण जेवताना तिचे डोळे त्या घरात फिरत असायचे. कुणाची शेगडी थंड आहे, कुणाच्या पिठाच्या डब्यात वाटी खडखडते, हे तिला विचारायला लागत नसे.

मी पाटणकडची. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा या ओळीतल्या बायकांचे मोठे आवाज ऐकून दार लावून बसायचे. अक्का बाहेरून ओरडायची, "आवं पाटणकर, जित्या हाय का? दार उघडा, माझी भाकरी वाळाय लागलीया!" मी उघडायचे. ती उंबऱ्यात बसून जेवायची, मी आत उभी. बोलणं सगळं तिचंच.

ती कवठे महांकाळकडची. तिचे वडील मेंढरं राखायचे. "बारकी हुती तवा आमचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं," ती सांगायची. "जितं थांबावं तितनं कुणीतरी उठीवणारच. उठा हितनं, चला हितनं. लय उठलो. आता न्हाई उठायची मी." ती खानावळीत भाकऱ्या करायची. हातावर डाग, गुडघे दुखरे, पण चाल मात्र अशी की समोरच्यानं बाजूला व्हावं.

हळदीच्या गोदामात पोतं निसटून आमच्या ह्यांच्या पाठीवर आलं, त्या वर्षीची गोष्ट. हे अंथरुणाला खिळले आणि भाडं थकलं. जुना मालक असता तर थांबला असता. तो वारला होता. मुलगा पुण्याला, त्याला खोल्या पाडून दुकानं बांधायची होती. आठही खोल्या एकदम कशा रिकाम्या होणार, म्हणून त्यानं आमच्यापासून सुरुवात केली. त्याचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि रस्त्यावरूनच म्हणाला, "घट बसायच्या आत खोली मोकळी करा. न्हाईतर सामान भाईर."

मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्का ताट घेऊन आली. तिनं शेगडीकडं बघितलं, मग बांधून ठेवलेल्या बोचक्याकडं.

"कुठं निघालीस?"

मी रडायला लागले. तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "आधी खा. रडायला बी ताकद लागती."

संध्याकाळी तिनं नळावर बायका गोळा केल्या. म्हणाली, "औंदा समद्यांचे घट हिच्या खोलीत बसवायचे."

कमळामावशी दचकली. आपल्या कुळाचा घट दुसऱ्याच्या घरात कोण बसवतं? "अक्के, कुलाचार मोडंल की गं!"

"मोडू दे. देवी रागावली तर माझ्यावर रागावंल. तिला माझी खोली म्हाईत हाय."

एकदा बसवलेला घट उठेपर्यंत जागचा हलवत नाहीत, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. घटस्थापनेला सकाळपासून बायका येऊ लागल्या. कुणी टोपलीत माती आणली, कुणी धान्य, कुणी गाडगं. आठ घट भिंतीला ओळीनं बसले, आठ दिवे लागले. हे खाटेवर एका कुशीला सरकून पडून होते. आम्हाला पाय ठेवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या माळेला मालकाचा माणूस दोन हमाल घेऊन आला. दारातच थबकला. "हे काय?"

अक्का आत बसून विड्याच्या पानांची माळ ओवत होती. "बघतुयास काय रं? पायातली काढ आधी."

त्यानं चपला काढल्या. हमालांनी तर आत येऊन हात जोडले.

"आता लाव हात," अक्का म्हणाली. "कंचा घट पयला हलीवतूस? तुझ्या आईला इचारून ये."

हमाल मागं सरले. त्यातला एक म्हणाला, "सायेब, हे आमच्यानं व्हायचं न्हाई." तो माणूस बाहेर जाऊन मोबाइलवर पुण्याला बराच वेळ बोलला आणि गेला.

तेवढ्या दिवसांत अक्कानं मला खानावळीत नेलं. मी लाजत होते, तर म्हणाली, "तितं बोलाय लागत न्हाई, नुसतं थापायचं." ओळीतल्या बायकांच्या बचत गटानं आमचं थकलेलं भाडं भरायची तयारी दाखवली. घरोघरचं कालवण माझ्या दारात येत होतं.

दसऱ्याला घट उठले. तो माणूस वाट बघत असल्यासारखा हजर. अक्कानं आठही खोल्यांचं भाडं, आमच्या थकलेल्यासकट, एकत्र करून पुढं धरलं. तो म्हणाला, "सातांचं द्या. ह्यांचं न्हाई घ्यायचं, मालकांनी सांगितलंय."

अक्कानं पैसे पदरात बांधले. "मग कुणाचंच न्हाई."

बायकांचे चेहरे उतरले. कमळामावशी कुजबुजली, "अक्के, समद्यांस्नीच भाईर काढंल गं त्यो."

"काढू दे की. आठ घरांचं सामान टाकाय त्याला रस्ता तरी पुरंल का?" अक्का मोठ्यानं म्हणाली, त्याला ऐकू जाईल असं.

कुणीही हात पुढं करून आपले पैसे परत मागितले नाहीत. मी एकेकीकडं बघत होते. मागितले असते तरी मी कुणाला दोष दिला नसता. पण कुणी मागितले नाहीत. मालकानं थोडे दिवस वाट बघितली. एकीला काढणं सोपं होतं, आठजणींशी भांडण अवघड. शेवटी त्यानं निरोप धाडला, सगळ्यांचं भाडं घ्या. तेव्हापासून आमचं भाडं एकत्रच जातं.

मागच्या उन्हाळ्यात अक्का गेली. खानावळीतून येऊन भिंतीला टेकून बसली आणि उठलीच नाही. तिचे दिवस होतात न होतात तोच तो माणूस पुन्हा आला. मोटारसायकल उभी करून म्हणाला, "खोल्यांचं बोलायचं होतं. ती म्हातारी तर गेली. आता हितं बोलायचं कुणासंगं?"

बायका नळावर होत्या. कुणाचीही घागर हलली नाही. कमळामावशी म्हणाली, "कुणासंगं बी बोल. समद्या त्येच सांगतील."

तो इकडं तिकडं बघू लागला. त्याच्या सगळ्यात जवळ मी होते, म्हणून त्यानं मलाच विचारलं, "काय हो ताई, काय ठरलंय तुमचं?"

मी घागर खाली ठेवली. "आमी हितनं जात न्हाई," मी म्हणाले.

आवाज बारीकच निघाला. पण त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.