भाऊजी भाव करतात

भाऊजींना भाव करता येत नाही हे मला ताईच्या लग्नाआधीच कळलं होतं. ते तिला छत्री घेऊन द्यायला गेले, दुकानदाराने तोंडाला येईल तो आकडा सांगितला, यांनी तेवढे पैसे दिले आणि वर त्याचे आभार मानले. ताई घरी येऊन म्हणाली, "माणूस सोन्यासारखा आहे, पण याला बाजारात एकटं सोडायची सोय नाही." पुढे त्यांच्या घरात कामांची वाटणी आपोआप झाली. भाजीवाला, नळवाला, रंगारी, सगळ्यांशी घासाघीस ताईने करायची आणि भाऊजींनी सगळ्यांशी चांगलं वागायचं. "तुमचे भाऊजी म्हणजे देवमाणूस," असं मला कोणी ना कोणी सांगायचंच. ताईचा विषय निघाला की तीच माणसं "तुमची ताई जरा..." एवढं म्हणून थांबायची. मला फार राग यायचा, पण नक्की कोणाचा ते कळायचं नाही.

भाऊजी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतात. दिवसभर हात ओल्या भुकटीत, त्यामुळे बोटांची टोकं कायम पांढुरकी. बोलणं बेताचं. पण एकदा बोलले की ती काळ्या दगडावरची रेघ. "रविवारी येतो" म्हणाले की अंगात ताप असला तरी येणार आणि आपल्या सोफ्यावर कण्हत बसणार.

कर्ज त्यांनी काढलं ते आईसाठी. त्यांच्या आईला दिसत नाही. घर मात्र तिला तळहातासारखं ठाऊक आहे. भिंतीवरून हात फिरवत ती एकटी सगळीकडे जाते, चहा करते, दारातल्या कुंड्यांना पाणी घालते. या घरावर दोन्ही भावांचं नाव होतं. धाकट्याने एक दिवस सांगितलं, "माझा हिस्सा द्या, नाहीतर घर विकू." भाऊजींकडे होते पगारातून वर्षानुवर्षं साठवलेले शेअर. ते विकले असते तर करातच मोठा लचका गेला असता. म्हणून ज्या दलाल पेढीत ते शेअर होते तिच्याकडेच तारण ठेवून त्यांनी कर्ज उचललं आणि भावाला अर्धे पैसे दिले. उरलेले वर्षअखेर त्याच शेअरांवर उभे करायचे होते. पण पेढी व्याज लावत होती साडेबारा टक्के. ताईने हिशेब मांडला. हेच चालू राहिलं तर वर्षअखेर भावाला द्यायला पुरेसं उरत नव्हतं. म्हणजे घर जाणार, आणि म्हाताऱ्या आईला दुसऱ्या घराच्या भिंती नव्याने चाचपाव्या लागणार.

"समोरची पेढी सव्वानऊने देते," ताई म्हणाली. "आपल्या पेढीकडून दर उतरवून घ्यायचा. त्यात काय एवढं?"

त्यात एवढंच होतं की खातं भाऊजींच्या एकट्याच्या नावावर होतं. बोलायचं त्यांनीच.

मग स्वयंपाकघरात तालमी सुरू झाल्या. मी पेढीचा मॅनेजर व्हायचे. भाऊजी खुर्चीच्या टोकावर बसून म्हणायचे, "साहेब, दर जरा जास्त वाटतो," मी म्हणायचे, "नाही हो," आणि ते म्हणायचे, "बरं." ताई कपाळाला हात लावायची. शेवटी तिने त्यांना एकच वाक्य पाठ करून दिलं, "नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो." एवढं म्हणून उठायचं आणि दाराकडे चालू लागायचं. "दारापर्यंत पोचायच्या आत तो हाक मारतो की नाही बघा."

पेढीत मॅनेजरची काचेची खोली होती. आम्ही तिघं आत बसलो. मॅनेजर गोड बोलत होता आणि बोलताना सारखा आपल्या पडद्याकडे बघत होता. दर सगळ्यांना सारखाच असतो, वरून ठरतो, त्याच्या हातात काही नाही. भाऊजींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग वाक्य म्हटलं, उठले आणि निघाले. झकास जमलं. ते दाराशी पोचतात तोच मॅनेजर म्हणाला, "अहो, बसा तर, बघू काहीतरी."

ताईने माझा गुडघा दाबला. मासा गळाला लागला होता.

भाऊजी मागे वळले. "मी जातो म्हणालोय ना," ते म्हणाले आणि गेले.

आम्ही दोघी खुर्चीतच. मॅनेजर आमच्याकडे बघतोय, आम्ही दाराकडे. आम्ही खाली येईपर्यंत ते रस्ता ओलांडून समोरच्या पेढीत शिरलेही होते. तिथल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं, अर्ज दिला, आणि यांनी कर्जासकट सगळे शेअर तिकडे हलवायला सही करून टाकली. जगात दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. धमकी ही निव्वळ धमकी असते, हे त्यांना सांगायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण आता दर कमीच झाला ना?" मी ताईला म्हटलं.

"हलवाहलव पूर्ण होईपर्यंत शेअर गोठलेले असतात," ताई म्हणाली. "आपल्याला विकता येत नाहीत, काही नाही. तेवढ्यात बाजार पडू नये म्हणजे मिळवली."

बाजार पडला. नुसता पडला नाही, आपटला. तारणाची किंमत घसरली की पेढी फरक भरायला सांगते, आणि नाही भरला तर स्वतःच शेअर विकून आपले पैसे वसूल करते, मिळेल त्या भावाला. मी ताईकडे गेले होते त्या सकाळी जुन्या पेढीच्या मॅनेजरचा फोन आला. भाऊजींनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"दोन वाजेपर्यंत तूट भरा. नाहीतर आम्हाला विकावं लागेल," मॅनेजर म्हणाला. आज त्याच्या आवाजात साखर नव्हती. "दुसरा मार्ग म्हणजे शेअर तिकडे हलवायचा अर्ज मागे घ्या. शेअर लगेच मोकळे होतील, तुम्हीच निवडून थोडे विका, तूट भरा, बाकीचे वाचतील. पण मग दर जुनाच राहील. आत्ता सांगा."

तूट भरायला पैसे नव्हते. ताईने धाकट्या दिराला आधीच विचारून पाहिलं होतं, त्याने हात वर केले. माझ्या खात्यात होतं नव्हतं ते मी सांगितलं, त्याने निम्मंही भागत नव्हतं. म्हणजे अर्ज मागे घेण्याला पर्यायच नव्हता. ताई भाऊजींकडे बघून जोरजोरात मान हलवू लागली. हो म्हणा. जुना तर जुना, हो म्हणा.

भाऊजींनी टेबलाची कड धरली.

"पैशांची सोय झालीय," ते म्हणाले.

मला वाटलं माझ्या कानांना काहीतरी झालं. या माणसाने कधी स्वतःचं वजनसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं.

"झालीय?" मॅनेजर म्हणाला.

"हो. दोनच्या आत भरतो. अर्ज राहू दे. माझं काम तिकडेच बरं आहे."

ताईने दोन्ही हात तोंडावर धरले. आता तो फक्त "ठीक आहे" म्हणाला असता की संपलं होतं. दोन वाजता तिजोरीत खडखडाट आहे हे त्याला कळलं असतं, शेअर मातीमोल भावाने गेले असते आणि त्यांच्यामागे घर.

"असं करा, अर्धा टक्का कमी करतो," मॅनेजर म्हणाला. "माझ्याकडून."

ताईची मान पुन्हा सुरू झाली. तिने हात जोडले. जन्मभर बाजार कोळून प्यायलेली बाई, आणि ती अर्ध्या टक्क्यावर पाया पडायला तयार होती. भाऊजी तिच्याकडे बघेनात. बोलेनातही. तेवढ्यात आतून त्यांची आई निघाली. भिंतीवरून तिच्या हाताचा सरसर आवाज जवळ येत गेला, दाराच्या चौकटीशी थांबला, कपाटाला वळसा घालून पुन्हा सुरू झाला. फोनमध्येही तो ऐकू जात असणार. ती आमच्या मागून ओट्याशी गेली, भांडं उचललं, पाणी प्यायली. भाऊजींच्या कानशिलावरून घामाचा थेंब गळ्यापर्यंत उतरला तरी त्यांनी तो पुसला नाही.

"तुमचं खातं गेलं तर मला वर उत्तर द्यावं लागतं हो," मॅनेजर अखेर म्हणाला. "साडेनऊ. याच्या खाली माझी नोकरी जाईल."

"लेखी पाठवा," भाऊजी म्हणाले. "आलं की अर्ज मागे घेतो."

आलं. त्यांनी ते चष्मा लावून सावकाश वाचलं, अर्ज मागे घेतला, ताईने निवडून दिलेले थोडे शेअर विकले, तूट भरली. घर वाचलं. मी आनंदाने ओरडलेच. ताई मटकन खाली बसली आणि हसायला लागली, "अहो, कुठे शिकलात हे? मला शिकवायला निघालात की!"

भाऊजी हसले नाहीत. बेसिनपाशी जाऊन त्यांनी हात धुतले, बराच वेळ धुतले. आता समोरच्या पेढीतल्या बाईंना तोंड दाखवून सांगून यायला हवं, म्हणाले. बिचारीने इतकं केलं. मग तिथेच, आमच्याकडे पाठ करून विचारलं,

"तुला दर वेळी असंच होतं?"

"कसं?"

"पोटात. आपण कोणीतरी हलकट आहोत असं."

ताईचं हसू थांबलं. तिने पदराचं टोक उगाचच सारखं केलं.

"सुरुवातीला व्हायचं," ती म्हणाली. "नंतर सवय झाली."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही दुकानाच्या बाहेर उभे असायचात ना."

भाऊजी वळले. ओल्या हातांनी तसेच येऊन ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले, आणि मी आईंना हाताला धरून हळूच बाहेरच्या खोलीत घेऊन गेले.