कल्पनाच्या फोनवर आलेली पत्रिका

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही.

मालेगावात शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, सोयाबीन-तूर विकत घेणारी. तिथला कॉम्प्युटर मी सांभाळतो. शेतकरी सातबारा, आधार, पासबुक घेऊन यायचे, माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, मला साहेब म्हणायचे. मग कल्पना आली. शिरपूरची पोरगी, रोज एसटीनं यायची. लोकांना खेटे कशाला घालायला लावायचे, म्हणाली — आणि स्वतःच्या फोनवरच कागदांचे फोटो मागवू लागली. अध्यक्ष खूश.

मी एकदा म्हटलं, लोकांचे कागद असे घरच्या फोनमध्ये ठेवणं धोक्याचं आहे, कामाला वेगळा फोन घ्या. म्हटलं ते खरंच होतं. पण काळजीनं म्हटलं का? नाही. माझ्यासमोरची गर्दी गेली होती, म्हणून म्हटलं. अध्यक्ष हसले. "काम कमी झालं, तं बरं नाही वाटून राह्यलं काय तुमाले?"

त्यानंतर दारात जो डोकावेल तो विचारायचा, "कल्पनाताई कुठी हायेत?" मी समोर बसलेला असताना! तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला जेवण जात नव्हतं.

लग्नसराईत एका दुपारी तिनं फोन माझ्यापुढे धरला. ओळखीच्या शेतकऱ्याच्या नंबरावरून लग्नाची पत्रिका आली होती. "दादा, हे उघडूनच नाही राह्यली. पाहा बरं."

मी पाहिलं. ती पत्रिका नव्हतीच — फोनमध्ये शिरून खाती साफ करणारं फसवं ॲप होतं. अशा प्रकारांबद्दल मी वाचलं होतं. फोन विचारत होता, परवानगी द्यायची का? मला एका नजरेत कळलं. आणि मी —

मी म्हणालो, "हो म्हन. उघडते मंग."

तिचा फोन बिघडावा, चार लोकांत फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. पण त्या फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर होते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. संध्याकाळपर्यंत तीच पत्रिका तिच्या फोनवरून आपोआप, तिच्या नावानं गावोगाव पोचली.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई आली. एकटी बाई, थोडीशी कोरडवाहू जमीन. तुरीचे पैसे मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी खात्यात राखून ठेवलेले. खातं रिकामं झालं होतं. ओरडली नाही ती. कल्पनाच्या खुर्चीपाशी खाली बसली. "तुयं नाव दिसलं म्हनून उघडलं वं माय."

अध्यक्षांनी सगळ्यांदेखत जाब विचारला, तेव्हा कल्पना माझ्याकडे वळली. "दादा, मी तुमाले दाखवलं होतं. तुमीच तं हो म्हन म्हटलं."

"मी? मले कवा दाखवलं?"

मला वाटलं, भांडेल. तिनं फक्त मान खाली घातली. देवकाबाई पदरात तोंड घालून रडत होती, आणि मला — आता हेही सांगून टाकतो — मला आतून बरं वाटत होतं.

कल्पनानं नोकरी सोडली. पैसे परत मिळाले नाहीत; देवकाबाईच्या मुलीचा प्रवेश हुकला, पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. कंपनीनं कामासाठी वेगळा फोन घेतला आणि माझ्या ताब्यात दिला. तुमचंच बरोबर होतं, असं सगळे म्हणाले. लोक पुन्हा माझ्यासमोर उभे राहू लागले.

मागच्या आठवड्यात एक म्हातारे शेतकरी आले. काम झालं तरी रेंगाळले. "साहेब, कल्पनाताईचा नंबर हाये काय तुमच्याजोळ? नातू झाला मले. तिले सांगाचं होतं."

नंबर होता. मी नाही म्हणालो.