अप्पांच्या लाल चिठ्ठ्या

अप्पांकडून कुणी साधं पेन मागून नेलं, तरी ते शर्टाच्या खिशाला लाल चिठ्ठी टाचून घेत. चिठ्ठीवर तीन गोष्टी: काय गेलं, कुणी नेलं, आणि खाली ठळक अक्षरात ‘उसनं’. पेन परत येईपर्यंत ती चिठ्ठी तिथंच लटकलेली, मग समोर लग्नाची पंगत असो की मुंबईचा मोठा साहेब. पुतणीच्या साखरपुड्यात ते अशा दोन चिठ्ठ्या लावून फिरले, आणि मुलाकडच्यांना वाटलं हे केटरिंगवाले असावेत.

माझी त्यांची गाठ पडली ती कोरोनाच्या मंदीत. सगळ्या जगाची विमानं जमिनीवर आली, तशी आमच्या कंपनीचीही आली. अंबडच्या कारखान्यातली माझी स्टोअरची नोकरी नुकतीच सुटली होती, आणि या कंपनीला ओझरच्या विमानतळावर सुटे भाग सांभाळायला माणूस हवा होता. त्या दिवसांत विमान कंपनीत नोकरी लागलेली अख्ख्या नाशकात मी एकटीच असेन. आई कॉलनीभर सांगत सुटली की पोरगी विमानात आहे. विमान जागचं हलत नाही, एवढं मात्र ती सांगत नसे.

कुठलं विमान उडवायचं आणि कुठलं उभं करायचं हे ठरवायला कंपनीनं सल्लागार नेमले होते. त्यांनी महिनाभर खपून एक रंगीत तक्ता केला. हिरवं म्हणजे उडेल, पिवळं म्हणजे उभं राहील पण परत येईल, लाल म्हणजे रामराम. अप्पा तेव्हा मुंबईत इंजिनिअर होते. माणूस मूळचा सटाण्याकडचा, कांदेवाल्या घरातला. त्यांनी तो तक्ता पाहिला आणि भर बैठकीत सांगितलं, “हे तर आमची माय कांद्याच्या चाळीत उभी राहून सांगायची. जे ठेवणं महाग, ते आधी बाजारात. जे ठेवणं स्वस्त, ते चाळीत. भाड्याचं विमान उभं केलं तरी भाडं चालूच, मग उडवा त्याला. घरचं हाय ते उभं करा. अन् ज्याची मोठी तपासणी तोंडावर आलीय, ते तर पहिलं उभं करा, कारण उडवलं की खर्च आलाच.” सल्लागारांचं म्हणणंही अगदी हेच होतं, फक्त ते इंग्रजीत आणि ऐंशी पानांत होतं.

भांडण झालं ते एकाच ओळीवरून. त्या ओळीत म्हातारी होती. हे आमच्या सगळ्यांत जुन्या विमानाचं नाव. विमान घरचं, वय झालेलं, आणि मोठी तपासणी दारात. म्हणजे तिन्ही पापं एकाच पदरात. तिला लाल रंग मिळाला. रागावले की अप्पा अहिराणीत शिरत. ते म्हणाले, “उभी करा ना. पण लाल काब्रं? उभी शे ती, मरेल नई.” ती उभी आहे, मेलेली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं; बैठकीत कुणाला ते कळलं नाही, पण आवाज चढलाय एवढं कळलं. पुढच्याच आठवड्यात म्हातारी आणि अप्पा, दोघांची ओझरला रवानगी झाली. मुंबईची खारी हवा टळली, जागेचं भाडं वाचलं आणि वाद घालणारा इंजिनिअरही गेला. याला कंपनीत नियोजन म्हणतात.

ओझरला आम्ही सहा जण होतो. म्हातारी भंगारात गेली की आमचं कामही संपणार, हे न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांना वाटतं, उभ्या विमानाला काय लागतं? दर आठवड्याला चाकं फिरवावी लागतात, नाहीतर टायर एका जागी बसतात. भोकं झाकावी लागतात, नाहीतर गांधीलमाशा घर करतात. एकदा मुंबईचे साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, “उडत नाही, मग सहा माणसं कशाला?” अप्पांनी अगदी आदरानं विचारलं, “साहेब, लॉकडाउनात तुमची गाडी किती महिने उभी होती?” साहेब म्हणाले, तीन. “मग चालू झाली का लगेच?” साहेबांची बॅटरी उतरली होती आणि उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. त्यांनी विषय बदलून द्राक्षं कुठं चांगली मिळतात ते विचारलं.

खरा शत्रू गांधीलमाशा नव्हत्या, मुख्य कार्यालय होतं. उडणाऱ्या विमानाचा एखादा भाग बिघडला की नवा मागवायला वेळ लागतो, म्हणून तो उभ्या विमानातून काढून नेतात. या प्रकाराला आमच्या धंद्यात उघडपणे ‘रॉबरी’ म्हणतात. फॉर्मवर तसं छापलेलंच असतं, खाली तिघांच्या सह्या. जगात सहीशिक्क्याचा दरोडा एवढाच असेल. आज एक झडप, उद्या एक पंप, असं करता करता विमानाचा नुसता सांगाडा उरतो, आणि मग तेच लोक म्हणतात, बघा, आम्ही लाल म्हटलंच होतं.

अप्पा भाग द्यायला नाही म्हणत नसत. ते एवढंच म्हणत, “शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. तुमचा बिघडलेला भाग इकडं पाठवा.” मुंबईला वाटायचं, म्हातारा चळला. पण त्यात मेख होती. रिकाम्या भोकाची दुरुस्ती कागदावर लिहिता येत नाही, बिघडलेल्या भागाची येते. बिघडलेला भाग आला की अप्पा तो म्हातारीत बसवत, वर लाल चिठ्ठी लटकवत, आणि हिचा भाग बिघडलाय म्हणून दुरुस्तीचा अर्ज करत. मग दर सोमवारी, चहा झाला की, मुंबईला फोन: “आमची वाटी कधी पाठवता?” समोरचे वैतागत, टाळत, आणि शेवटी कटकट मिटावी म्हणून भाग दुरुस्त करून पाठवत.

एकदा मी चुकले. अप्पा सुट्टीवर होते आणि मुंबईहून गोड आवाजात फोन आला की फार तातडी आहे मॅडम, बिघडलेला भाग मागाहून पाठवतो. मी पंप देऊन बसले. अप्पा परत आले. दुपारी माझ्या टेबलाला चिठ्ठी लटकत होती: ‘अक्कल. मुंबईला. उसनी.’ मला रडू आलं आणि हसूही आलं. त्यानंतरचे सोळा सोमवार त्यांनी तो फोन मलाच करायला लावला. मी कंटाळले की म्हणत, “पोरी, मागणं थांबलं की उसनं आंदण होतं.” सतराव्या सोमवारी पंप आला.

मग मंदी सरली आणि माणसं सूड उगवल्यासारखी विमानात बसू लागली. कंपनीनं घाईघाईनं आपली पिवळी विमानं उघडली, तर आत नुसती हवा. इतर शहरांत त्यांना इतकं लुटलं होतं की एकाला इंजिनंच नव्हती. अख्ख्या ताफ्यात धड उभं होतं ते लाल रंगातलं एक. मोठ्या तपासणीला नेण्यासाठी म्हातारी ओझरहून उडाली, तेव्हा आम्ही पाच जण हात हलवत होतो आणि अप्पा चिठ्ठ्या मोजत होते. एकच शिल्लक होती, कॉफीच्या यंत्राची. ओझरचं काम टिकलं, आमच्या नोकऱ्याही टिकल्या. कंपनीच्या मासिकात सल्लागारांचा फोटो आला आणि खाली दूरदृष्टीबद्दल चार ओळी.

पुढं इंधन महागलं आणि पुन्हा हात आखडला गेला. या वेळी तक्ता माणसांचा होता, रंग तेच. कंत्राटी माणसाचे पैसे कराराप्रमाणे द्यावेच लागतात, म्हणून त्याला कामाला लावा. घरचा, कायम माणूस उभा करा. आणि अप्पांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरलेली. मोठी तपासणी तोंडावर. त्यांना पत्र आलं: पिवळा रंग, पुढील आदेशापर्यंत बिनपगारी रजा. मी संतापले. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “गणित बरोबर हाय. मीबी हेच केलं असतं.” त्यांचं ते शहाणपण मला तेव्हा अजिबात सहन झालं नाही. मी त्यांच्याच खणातली चिठ्ठी काढून त्यांच्या खुर्चीला टाचली: ‘अप्पा. मुख्य कार्यालय. उसने.’ त्यांनी चष्मा लावून ती वाचली, अक्षर सुधार म्हणाले, आणि सटाण्याच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी. बदली माणूस आला नाही, बिघडलेलासुद्धा नाही. मग दर सोमवारी, चहा झाला की, मी मुंबईला फोन लावू लागले: “आमचा माणूस कधी पाठवता?” उत्तर ठरलेलं, प्रोसेसमध्ये आहे. संध्याकाळी अप्पांचा फोन यायचा, काय म्हणाले? गुडघे बरे झाले होते, ते शेतात हिंडत होते, पण हाक येईल म्हणून कंपनीचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. असे दोन वर्षांचे सोमवार गेले.

या हिवाळ्यात अप्पा गेले. सकाळी कांद्याच्या चाळीकडे गेले आणि तिथंच बसले, असं त्यांच्या मुलानं सांगितलं. मी जाऊन आले. शर्ट खुंटीला तसाच होता.

त्यानंतरच्या सोमवारी चहा झाला आणि हातानं सवयीनं फोन लावला. पलीकडे कुणी नवी मुलगी होती. तिनं नाव विचारलं, संगणकात पाहिलं आणि फार मायेनं म्हणाली, “मॅडम, ते पिवळ्यात आहेत. म्हणजे ते कधीही परत येऊ शकतात.”

मला तिला खरं सांगायला हवं होतं. समोर खुर्चीला माझ्या वेड्यावाकड्या अक्षरातली चिठ्ठी होती. मी म्हटलं, “असू दे तसंच.”

पुढच्या सोमवारी मी पुन्हा फोन केला.