समोरच्या घरी जाणारी काठी

गेटपाशी आले की समोरच्या घरातले म्हातारे बाबा चपला काढून हातात घ्यायचे. पाहणाऱ्याला वाटावं, आत देऊळ आहे. आत होतं भिवंडीतलं एक गोदाम. मिक्सर, बूट, चादरी. आणि त्या फरशीखाली बाबांचं एके काळचं भातशेत. मी गेटवर नोंदवही सांभाळायचे. येण्याचं कारण विचारलं की बाबा रोज सांगायचे, "लिव, शेत बघाया." पाच मिनिटं वॉचमनच्या खुर्चीत बसून घरी जायचे. घर रस्त्यापलीकडेच.

एकदा त्यांची म्हातारी ओटीवर घसरून पडली. मोडलं काही नाही, पण तिनं धसका घेतला. भिंत सोडून पाऊल टाकेना. सुनेनं फोनवरून चार पायांची काठी मागवली. दुसऱ्या दिवशी बाबा गेटवर हजर.

"बाय, काठी आत हाय. फोनवर दाखवतंय. दे."

"अशी नाही देता येत, बाबा. आधी ती नाशिकला जाणार. तिथून उद्या तुमच्या घरी."

"समोर जायाला नाशिक?"

"हो."

"आमच्या टायमाला दुकानदाराच्या हातातली वस्तू आपल्या हातात यायची. मधी कोन न्हाय." बाबांनी आत उभ्या ट्रककडे पाहिलं. "बरं. मी जातो तिच्यासंगती."

मला थट्टा वाटली. दुपारी ट्रक सुटला तेव्हा बाबा ड्रायव्हरशेजारी बसलेले. नाक्यावर उतरतील म्हणून मी कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडे पाहिलं आणि मी पेन टाकून उठले. म्हातारी एकटीच रस्ता ओलांडत होती. गेटची जाळी धरून धापा टाकत म्हणाली, "आमचा म्हातारा आत हाय का? कालपासून घरी न्हाय. पोरगा, सून, समदी हुडकत फिरतात."

मी मान खाली घालून ट्रकचं सांगितलं. तिला खुर्चीत बसवलं. तासाभरानं पार्सलची गाडी आली, तिच्यातून बाबा उतरले.

"कुठं गेलेलात तुमी?"

"नाशिकला. तुजी काठी आनाया. तिथं बी देत न्हायत, पत्ता हितला हाय म्हनतात." मग एकदम थांबून, "तू कशी आलीस?"

"चालत."

बाबा तिच्या पावलांकडे बघतच राहिले.

डिलिव्हरीवाल्यानं ओटीपी मागितला. तो सुनेच्या फोनवर, आणि सून सासऱ्यांना शोधायला दिघाशी गावाला गेलेली. तिचा फोन लागेना. नंबरशिवाय काठी देता येत नव्हती. ती परत नाशिकला निघाली.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "तिला आता रस्ता म्हाईत हाय."

बाबा जाऊन आता वर्ष होईल. मला ते आठवतात ते त्या सकाळचे. दोन्ही बाजूंना कंटेनर उभे, एकाचाही हॉर्न नाही. मधून म्हातारी सावकाश घराकडे चाललेली. आणि तिच्या एक पाऊल मागे बाबा, दोन्ही हात पसरून, तिला जराही स्पर्श न करता.